बघून ये, मग ठरव

2000 सालच्या मे महिन्यातली रात्र. आमच्या शेतात बोअरची गाडी उभी होती. गाडी तमिळनाडूची, तिच्यावरची पोरं आपसात तमिळ बोलत होती आणि आमच्याशी खाणाखुणांनी. मी बांधाच्या कडेला खताच्या रिकाम्या गोण्या अंथरून बसले होते. दर दहा फुटांना एक पोरगा फावड्यावर दगडाचा चुरा घेऊन यायचा आणि मी त्यातला मूठभर गोणीवर ठेवायची. एक ढिगारी, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. पहिल्या काही मुरमाच्या, पिवळट. नंतर करड्या. बाराव्या मुठीला चुरा तांबडा आला, अंगणात सारवायच्या गेरूसारखा, आणि मला वाटलं की आता पाणी लागणार. तेराव्या मुठीपासून पुन्हा करडा. धूळ कोरडीच उडत होती. ओल लागली असती तर ती बसली असती, एवढं मला कळत होतं. दादा, म्हणजे माझे वडील, लिंबाखाली डोक्याला टॉवेल बांधून बसले होते. त्यांची नजर बोअरच्या तोंडावरून हलत नव्हती. 310 फुटांवर त्यांनी हात वर केला आणि गाडी थांबली. माझ्या गोण्यांवर 31 ढिगाऱ्या झाल्या होत्या.

ढिगाऱ्या ठेवायला मला भूजल खात्यातल्या काकांनी सांगितलं होतं. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि आमच्या घरात ते कायम 'काका'च होते. दादा मात्र शेवटपर्यंत त्यांना 'सायब' म्हणत.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे त्यांच्या खात्याचं पूर्ण नाव. 1971 साली हे खातं सुरू झालं. आमच्या औसा तालुक्यात सगळे त्यांना 'भूजलवाले' म्हणतात. गावातली एक विहीर त्यांच्या खात्याची निरीक्षण विहीर होती. तिच्या काठावर तांबड्या ऑइलपेंटची खूण होती आणि त्या खुणेपासून पाण्यापर्यंत टेप सोडून काका वाचन घ्यायचे. दादांनी फी भरून अर्ज केला, म्हणून बोअरच्या महिनाभर आधी ते जीप घेऊन आमच्या शेतात आले. चार कांबा होत्या. बाहेरच्या दोन कांबांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन कांबांमध्ये दाब मोजायचा. बाहेरच्या कांबा जितक्या लांब नेऊ तितकं खोलवरचं कळतं. टेपचं टोक धरायला माणूस कमी होता, ते त्यांनी माझ्या हातात दिलं. मी नुकतीच नववी पार केली होती. ते आकडे मोठ्यानं म्हणायचे आणि मी ते वहीत लिहायची. मग जीपच्या बॉनेटवर लॉग-लॉगचा कागद पसरून त्यांनी ठिपके टाकले, ठिपक्यांमधून रेघ काढली आणि दादांना म्हणाले, "चाळीस फुटांपर्यंत मुरूम आहे, मांजऱ्या आहे. पाणी आहे ते त्यातच. खाली काळा पाषाण. मी इथं बोअर सुचवणार नाही. आहे ती विहीर आठ फूट उतरवा, आणि तळातून आडवे बोअर मारा."

दादा म्हणाले, "सायब, पाणी कुठं हाय तेवढं सांगा."

"कुठं नाही ते मला सांगता येतं. तेवढंच सांगतो."

पुढं पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर फिरला आणि एका जागी नारळ उभा राहिला. दादांनी तिथं दगड ठेवला. मी दादांना दोष देत नाही. तूर वाळून गेली होती, ताईचं लग्न ठरलं होतं, सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर होतं. अशा वेळी 'इथं नाही' सांगणाऱ्यापेक्षा 'इथं आहे' म्हणणारा माणूस जवळचा वाटतो.

बोअर कोरडा गेल्यावर आठवडाभरानं काका निरीक्षण विहिरीचं मेचं वाचन घ्यायला आले. त्यांनी ऐकलं होतं. ते सरळ आमच्या शेतात आले. मी गोण्यांवर ताडपत्री टाकून, कडेनं दगड ठेवून सगळा चुरा वाऱ्यापासून राखला होता. ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि डोळ्याला भिंग लावून एकेक ढिगारी बघू लागले. पाऊण तास तरी बसले असतील. तांबड्या ढिगारीपाशी मला जवळ बोलावून म्हणाले, "हा गेरूचा थर. खालचा लाव्हा थंड झाला, त्याच्यावर बराच काळ काही आलं नाही, वारापाण्यानं वरचं अंग कुजून त्याची माती झाली. मग पुढचा लाव्हा येऊन तिच्यावर पसरला आणि ती भाजून निघाली. दोन लाव्ह्यांच्या मधली सुट्टी आहे ही." मग त्यांनी वही काढून लिहायला घेतलं. दादा लांबूनच म्हणाले, "कोरडा बोअर कशाला लिहायलात सायब?"

"कोरडाच लिहायला पाहिजे. पाण्याचा सगळे लिहितात."

ते वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याची किंमत मला सहा वर्षांनी कळली.

जमिनीखाली काय आहे ही उत्सुकता आमच्या भागात पुस्तकातून आलेली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला. मी आठ वर्षांची होते. आमच्या घराचं अर्धं माळवद खाली आलं. आम्ही दुसऱ्या अर्ध्यात होतो म्हणून वाचलो. हजारो माणसं गेली. त्यानंतर वर्षानुवर्षं आमच्या भागात जीपगाड्या येत राहिल्या, माणसं यंत्रं लावून बसत राहिली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीला 617 मीटर खोल छिद्र घेतलं. 338 मीटरपर्यंत आपला काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, आणि त्याखाली त्याच्याहून कितीतरी जुना खडक. हे दोन आकडे काकांनी मला सांगितले आणि मी ते अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. आमच्या 310 फुटांखाली अजून केवढं काय काय असेल, या विचारानं मला भीती वाटायची आणि बरंही वाटायचं.

बीएस्सीला भूशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित घेतलं. त्यावर घरात फार वाद झाला नाही. बीएस्सी म्हणजे बीएस्सी, असं सगळे धरून चालले होते. वाद झाला तो 2006 च्या उन्हाळ्यात, पुढं काय करायचं यावर.

चुलतभाऊ हिंजवडीत नोकरीला होता. त्याचं म्हणणं, एमसीए कर. एमसीए तेव्हा तीन वर्षांचं होतं, फी मोठी होती, पण त्याच्या शब्दाला घरात वजन होतं, कारण त्याच्या पगारावर त्यांच्या घराचा स्लॅब पडला होता. दुसरीकडं जॅम. आयआयटींच्या एमएस्सीसाठी ही एकत्रित प्रवेश परीक्षा 2004 पासून सुरू झाली होती आणि आमच्या कॉलेजात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. काकांनी वर्तमानपत्रातलं जाहिरातीचं कात्रण पाकिटात घालून मला पोस्टानं पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी नव्हती, फक्त शेवटच्या तारखेखाली पेनानं रेघ ओढलेली. मी परीक्षा दिली आणि आयआयटी मुंबईच्या उपयोजित भूशास्त्राच्या एमएस्सीला माझा नंबर लागला. पुणे विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या एमएस्सीलाही प्रवेश मिळत होता. असे तीन रस्ते होते. घर एमसीएकडं ओढत होतं. माझ्या मनात आयआयटी हे नाव घोळत होतं, कारण ते नाव ऐकल्यावर गावात काय होईल हे मला दिसत होतं.

मी लातूरला काकांच्या घरी गेले. त्यांनी ऐकून घेतलं. काकूंनी पोहे केले. मग ते म्हणाले, "तू यातलं काय काय पाहिलंस?"

काहीच पाहिलं नव्हतं. मी लातूरच्या पलीकडं फक्त परीक्षेला गेले होते.

"मग ठरवतेस कशी? बघून ये, मग ठरव."

त्यांनी लॉग-लॉगच्या एका जुन्या कागदाच्या मागच्या बाजूला मला काय बघायचं ते लिहून दिलं. तो कागद माझ्याकडं आहे. खडकाचे पातळ छेद करायचं यंत्र चालू आहे का, हे पहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला खडकाचा छेद 0.03 मिलिमीटर जाडीचा करावा लागतो, आणि ते काम शिकण्यात विद्यार्थ्याचे महिने जातात. काकांनी लिहिलं होतं, 'यंत्रावर धूळ आहे की ओला गाळ आहे ते बघ.' विवरणपत्रिकेत दिलेल्या वैकल्पिक विषयांपैकी गेल्या वर्षी खरोखर कोणते शिकवले गेले ते विचार. कागदावर बारा असतात, चालतात तीन. पहिल्या वर्षाच्या मुलांना काही विचारू नकोस, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार, आणि विचार की क्षेत्रकामाला वर्षात किती दिवस गेलात आणि गाडीचा खर्च कुणी केला. मुलींच्या वसतिगृहाची यादी कधी लागते? मागच्या दोन तुकड्यांची मुलं आज कुठं आहेत? आणि शेवटी, 'ग्रंथालयात शोधप्रबंधांचं कपाट उघडायला लाव. वरचे दोन नको, मधले दोन काढून वाच.'

आज माझ्याकडं मुलं संस्थांच्या क्रमवारीचे आकडे घेऊन येतात. अमुक कितव्या क्रमांकावर, तमुक कितव्या. मी तो कागद काढून त्यांच्यापुढं ठेवते. क्रमवारी अख्ख्या संस्थेची असते. आपली दोन वर्षं एका विभागात, एका प्रयोगशाळेत, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली जातात. पदवीच्या वेळी गाव, हॉस्टेल, मैत्रिणी यांवर निभावून जातं. पदव्युत्तर शिक्षण एका विषयात इतकं खोल जातं की विभाग चुकला तर माणूस त्या विषयापासूनच तुटतो. हे मी पाहिलेलं आहे, हुशार मुलांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

काकांनी स्वतः दोन दिवसांची रजा टाकली. दादांना त्यांनी विचारलं, "मी नेऊ का पोरीला?" दादा म्हणाले, "सायब, तुमच्यासंगं जायला इचारायचं काय?" लातूरहून रातराणीनं आम्ही निघालो. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

पहिल्या दिवशी पवई, म्हणजे आयआयटी मुंबईचं आवार, पाहिलं. तिथं काहीच कमी नव्हतं. तळं, झाडी, प्रयोगशाळा. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करणारं केंद्र त्याच आवारात. मुलं आत्मविश्वासानं बोलत होती. एका विद्यार्थ्यानं तेल शोधण्याच्या कामाबद्दल अर्धा तास सांगितलं आणि ते ऐकताना मला माझा तालुका एकदम लहान वाटला. बाहेर पडल्यावर बसथांब्यावर काका म्हणाले, "इथं ये तू." त्यांचे डोळे चमकत होते. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पुणे. गणेशखिंडीतली ती मोठी झाडं, उन्हाळ्यानं सुकलेलं गवत. आम्ही विभागात गेलो. यंत्रावर ओला गाळ होता. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली. तिच्या हाताला ऑइलपेंटचा तांबडा डाग होता. विहिरींच्या काठावर खुणा करून ती नुकतीच गावांतून परतली होती. मला तो डाग ओळखीचा वाटला. मग मी ग्रंथालयात कपाट उघडायला लावलं आणि मधले दोन प्रबंध काढले. पहिला खनिजांवरचा होता. दुसरा एका छोट्या पाणलोटातल्या भूजलावर. मी तो चाळत शेवटच्या पानांवर आले. परिशिष्टात तक्ता होता: त्या पाणलोटात घेतलेल्या 23 बोअरची नोंद. गट नंबर, खोली, कोणत्या खोलीवर कोणता थर. शेवटच्या रकान्यात पाणी. 23 पैकी 14 बोअरपुढं 'कोरडा' असं लिहिलं होतं.

मी तो तक्ता कितीदा वाचला ते सांगता येणार नाही. आमच्या गावात तोवर बरेच कोरडे बोअर झाले होते. त्यांच्यावर शेणाचा पो किंवा दगड ठेवलेला असायचा आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. ज्याच्या शेतात पाणी लागलं त्याचीच गोष्ट सांगितली जायची, आणि ती ऐकून पुढचा माणूस कर्ज काढायचा. इथं कुणीतरी त्या चौदा शेतकऱ्यांच्या दारात जाऊन विचारलं होतं, ते लिहून काढलं होतं, आणि एका विद्यापीठानं ते ज्ञान म्हणून कपाटात ठेवलं होतं.

परतीच्या गाडीत काका पवईबद्दल बोलत होते. वसतिगृह, शिष्यवृत्ती, पुढं परदेशी जायची वाट. इंदापूर गेल्यावर मी म्हणाले, "काका, मला पुण्याला जायचंय."

ते गप्प झाले. टेंभुर्णीला गाडी चहासाठी थांबली तेव्हा खाली उतरून, कपबशी हातात धरून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. काकूंनाही तोवर ती पुरती माहीत नव्हती, असं नंतर कळलं. 1974 साली पुढच्या शिक्षणासाठी त्यांना रुरकी विद्यापीठाचं पत्र आलं होतं. त्याच महिन्यात वडील वारले. मागं दोन बहिणी आणि धाकटा भाऊ. '72 च्या दुष्काळानं घर आधीच खचलेलं. भूजल खात्याचीही ऑर्डर आली होती, ते रुजू झाले. रुरकीचं पत्र बरीच वर्षं ट्रंकेत होतं.

"मोठ्या नावाच्या शिक्क्यानं दारं उघडतात," ते म्हणाले. "तुझ्या घरात कुणी साहेब नाही, मामा-काका कुणी मंत्रालयात नाही. तो शिक्का तुला लागेल. म्हणून सांगतो."

ते खरं होतं, आणि आजही खरं आहे. पवई निवडलेल्या एकाही मुलीला मी चुकलीस म्हणणार नाही. पण मी त्यांना त्या तक्त्याबद्दल सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"कोरडे किती होते?"

"23 पैकी 14."

"खोली दिली होती?"

"हो. गेरू कुठं लागला तेही दिलंय."

गाडीचा हॉर्न वाजला. चढताना ते म्हणाले, "मग तिथंच जा. तू बघून ठरवलंस. मी ऐकून सांगत होतो."

घरी त्यांनीच दादांना समजावलं. चुलतभावाला त्यांनी सांगितलं, एमसीए वाईट नाही, पण हिला दगड कळतो. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं कुठलंही प्रशस्तिपत्र त्या वाक्याच्या जवळ येत नाही.

पैशाची गोष्ट सांगायलाच हवी. दादांकडं तेव्हा काही नव्हतं. काकांनी 15,000 रुपये दिले, फी आणि वसतिगृह आणि पहिल्या सहा महिन्यांची मेस. देताना म्हणाले, "हे उसने आहेत. व्याज नाही, पण परत घेणार. मदत म्हणून घेतलेस तर माझ्यासमोर बोलताना तुझी मान खाली जाईल. मला तुझ्याशी भांडता आलं पाहिजे." वहीत त्यांनी माझी सही घेतली.

पुण्याची दोन वर्षं मी इथं थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात विहिरी मोजल्या, पावसाळ्यात ओढे. वर्गात शिकले त्यातली एक गोष्ट मी दादांना घरी येऊन सांगितली: आपला कुजलेला बेसाल्ट पाण्यानं भिजलेला असला तरी त्याच्या शंभर लिटर आकारमानातून विहिरीत उतरतं ते जेमतेम एक ते तीन लिटर. दादा म्हणाले, "सायब हेच सांगत होते, पर आकडा नव्हता सांगितला." विहीर त्यांनी 2001 सालीच आठ फूट उतरवली होती.

2008 साली गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा दिली आणि रुरकीला जलविज्ञानाच्या एमटेकला गेले. रुरकीच का, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही. युनेस्कोच्या साहाय्यानं 1972 मध्ये तिथं जलविज्ञानाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू झाला, त्यातून तो विभाग वाढला. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता त्याच वर्षी. गेटची शिष्यवृत्ती महिना 5,000 रुपये होती. एमटेकचं हे एक मोठेपण आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना वेळेवर सांगितलं जात नाही: शिकताना पैसे मिळतात, घरून मागावे लागत नाहीत. दर महिन्याला मी रुरकीच्या पोस्टातून काकांना 1,000 रुपयांची मनीऑर्डर करायची. आठ दिवसांनी पोस्टकार्ड यायचं. 'रु. 1,000 मिळाले. बाकी रु. 14,000.' पुढच्या महिन्यात बाकी 13,000. खाली एका ओळीत आमच्या विहिरीची पातळी. तोवर ते निवृत्त झाले होते, तरी लातूरहून एसटीनं आमच्या गावी जाऊन खात्याच्या जुन्या विहिरीबरोबर आमच्याही विहिरीत टेप सोडत होते. पंधराव्या पोस्टकार्डावर लिहिलं होतं, 'हिशेब पूर्ण.' पैशांचा तो खरोखर पूर्ण झाला होता.

2009 च्या ऑक्टोबरात ते काकूंना घेऊन हरिद्वारला आले आणि तिथून रुरकीला. मी त्यांना सोलानी नदीवरचा जलसेतू दाखवला, जिथं 1854 मध्ये सुरू झालेला गंगेचा कालवा नदीच्या वरून जातो. काठावरचे दगडी सिंह बघत ते बराच वेळ उभे राहिले. इतकं भरून वाहणारं पाणी बघायची सवय आम्हा दोघांनाही नव्हती. मग विभागात नेलं. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधी विचारलं, "प्रबंधांचं कपाट कुठं आहे?" मधले दोन त्यांनी स्वतः काढले. चष्मा लावला, मागून पानं उलटली, परिशिष्ट काढलं. पस्तीस वर्षांपूर्वी जिथं विद्यार्थी म्हणून यायचं होतं तिथं ते दुपारी दोन ते पाच वाचत बसले. काकू आणि मी बाहेर बाकावर बसलो. काकू म्हणाल्या, "तू बोलावलंस म्हणून हरिद्वारला आणलं, असं मला म्हणाले. हरिद्वारला यायचंच नव्हतं त्यांना."

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. मी तोवर गावांच्या पाण्याच्या ताळेबंदाचं काम करू लागले होते. देशभरातून फोन येत होते, पत्रकार येत होते. काकांचाही फोन आला. ते स्टेशनवर जाऊन आले होते. म्हणाले, "आज तुमच्या विहिरीचं वाचन घेतलं. कोरडी. 2000 पासून पहिल्यांदा." आणि मग, जरा थांबून, "तुझ्या वहीतही लिही."

2019 च्या पावसाळ्यात ते गेले. तेराव्याला काकूंनी मला आत बोलावलं आणि दोन लोखंडी पेट्या दाखवल्या. 41 वह्या. खात्याच्या नोंदी खात्यात गेल्या होत्या. या त्यांच्या स्वतःच्या. काकू म्हणाल्या, "तुझ्याशिवाय कुणाला वाचता येणार?"

त्या वह्या आता माझ्या कपाटात आहेत. एमएस्सीची मुलं प्रबंधासाठी येतात तेव्हा त्या त्यांना खुल्या असतात. अभ्यासक्रम कोणता घेऊ हे विचारायला येणाऱ्यांना मी आधी पुणे, पवई, नांदेड, जिथं जमेल तिथं जाऊन यायला सांगते, आणि गाडीभाडं नसेल तर देते. उसनं देते, वहीत सही घेऊन.

2000 सालची वही शोधायला मला दोन वर्षं धीर झाला नव्हता. मग एका दिवाळीत काढली. मे महिन्याच्या पानावर त्यांच्या बारीक, उभ्या अक्षरात आमच्या शेताचा गट नंबर आहे. खाली लिहिलं आहे: 'बोअर. खोली 310 फूट. 120 फुटांवर गेरू. कोरडा. चुरा मालकाच्या मुलीने ठेवला, 31 ढिगाऱ्या, क्रम बरोबर.'